'एज'चं माहेर

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं, की योगिनीबाई सामंत नाव विचारायच्या आधी गाव विचारतात. "कुठल्या तुम्ही? मूळच्या?" बोलता बोलता समोरची वेंगुर्ल्याला नाहीतर कराडला पोचली, की बाई समाधानानं मान हलवतात. शब्दांच्या बाबतीतही त्यांचं तेच. कल्याणच्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दुपारचा आम्हा बायकांचा वर्ग सुरू केला. फी नाही, पुस्तक नाही. एका बैठकीला एकच शब्द. आधी त्याचं माहेर कुठलं ते ऐकायचं आणि निघताना त्याची ओटी भरायची. म्हणजे प्रत्येकीनं आपल्या घरातलं एक वाक्य त्या शब्दाच्या पदरात घालायचं. ऐकलेलं, वाचलेलं चालत नाही. "ओटीत शेजारणीचा नारळ घालतो का आपण?" म्हणतात.

मध्यंतरी तीच खोली एका 'महिन्यात फाडफाड इंग्रजी' क्लासनं मागितली. आमचे सेक्रेटरी सहदेव अण्णा खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. अजूनही जिना उतरणाऱ्या माणसाकडे ते गाडी सुटायला उशीर झाल्यासारखे बघतात. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, ते लोक महिन्यात बोलतं करतात. तुमच्या बायका अजून माहेरीच बसल्यात."

हसू सगळ्यांनाच आलं, बाईंनाही. पण अण्णा पुढे म्हणाले, "उद्या मी वर्गात बसतो. बायका इंग्रजीत बोलल्या, तर मी कमिटीशी भांडेन. नाहीतर खोली त्यांना."

खोली गेली की वर्ग संपलाच. बाईंच्या घरी हॉलमध्ये सुनेचं ऑफिस चालतं, तिथे फोडणीचासुद्धा आवाज करायची चोरी. म्हणून मी आणि वर्षाली संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. वर्षाली पोळीभाजी केंद्र चालवते, तिचा स्वभावच झटपट. "बाई, संवाद पाठ करू ना! हाऊ आर यू, आय अ‍ॅम फाइन."

बाई पावटे सोलत होत्या. "आणि अण्णांनी 'व्हाय आर यू फाइन' विचारलं तर?"

"तर मी घरी जाईन."

"मग नको."

वर्षाली गेल्यावर मात्र त्यांनी हळूच मला विचारलं, "माझ्या नादानं तुमच्या दुपारी फुकट तर नाही ना गेल्या?" बाईंना असं साशंक मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा मागच्या खुर्चीत बसले. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ई-डी-जी-ई, 'एज'.

"मराठीत काय म्हणाल?"

विळीची धार. साडीचा काठ. ताटाची कड. खाडीचा किनारा. चारी बाजूंनी उत्तरं आली.

"आपण प्रत्येकीला वेगळं नाव ठेवलं. इंग्रजीनं सगळ्यांना एकच हाक मारली. आता यांच्यात थोरली कोण?"

"काठ!" आम्ही ठासून सांगितलं.

"धार," बाई म्हणाल्या. "हा शब्द मूळचा शस्त्राचा. जुन्या इंग्रजीत पात्याची धारदार बाजू ती एज, कधी कधी अख्खी तलवारच. कुठल्याही वस्तूची कड हा अर्थ मागाहून आला. संस्कृतातला 'अश्रि' म्हणजे कोपरा, धार, हा त्याचा लांबचा भाऊ. आपल्या 'चतुरस्र'मध्ये तो लपलाय. आणि एक बहीण आली समुद्रापलीकडून, उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडची. एखाद्याला टोचून टोचून भरीला घालणं, त्याला म्हणतात 'एग ऑन'. अंड्याचा संबंध नाही."

"म्हणजे काडी लावणं!" वर्षाली म्हणाली. "चला, आमच्या चुलतसासूला इंग्रजीत शब्द मिळाला."

अण्णांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, बोलणार कधी?"

"घ्या गं, ओटी भरायला घ्या."

वर्षालीच उठली. "आय स्लीप ऑन द एज. माय हजबंड स्लीप्स इन द मिडल."

"सो पुश हिम!" करिश्मा मागून ओरडली. ती शिवणकाम करते, एरवी तोंडातून शब्द काढत नाही.

"हाऊ पुश? ही इज नाइन्टी किलो!"

"देन यू टेक मिडल फर्स्ट! गो अर्ली!"

"अँड हू विल वॉश द भांडी?"

हसण्याच्या गडबडीत आपण कुठल्या भाषेत भांडतोय, हे दोघींच्या ध्यानातही नव्हतं. अण्णांच्या होतं.

मग जनाबाई उठल्या. ठाण्याच्या खाडीवरच्या कोळ्यांच्या, इथे लेकीकडे राहतात. वर्गात रोज येत, पण इंग्रजी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

"माय मदर... सिट... बोट एज," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "फिश इन बास्केट. शी नो फिअर. आय फिअर."

कुणी हसलं नाही. बाईंनी चूकही काढली नाही.

"व्हाय यू फिअर?" करिश्मानं विचारलं.

"वॉटर बिग. आय स्मॉल."

मग बाई मागच्या खुर्चीकडे वळल्या. "अण्णा, खोलीत बसलेला कोणी ओटी न भरता जात नाही."

अण्णांनी घसा खाकरला. "ड्रायव्हर... डोन्ट टच द एज ऑफ प्लॅटफॉर्म."

"व्हाय, अण्णा?" वर्षालीनं लगेच पकडलं.

अण्णांच्या कपाळावर घाम. "बिकॉज... बिकॉज... अरे, पॅसेंजर्स स्टँड देअर, ना!"

टाळ्या पडल्या. अण्णा फोन घेऊन बाहेर गेले, बराच वेळ चढ्या आवाजात बोलले आणि पडलेल्या चेहऱ्यानं आत आले. "भांडलो. पण कमिटीनं त्यांना होकार कळवून टाकलाय. सोमवार ते शुक्रवार त्यांचे. शनिवार तेवढा मिळवला."

"हे काय अण्णा! बोललो की आम्ही!" वर्षाली उसळली.

बाईंनी एवढंच विचारलं, "शनिवारी किती वाजेपर्यंत?"

"तुम्ही उठाल तोपर्यंत."

"मग झालं. घाई असायची ती तरी संपली." बोलता बोलताच त्या जनाबाईंकडे वळल्या. "जनाबाई, तुमची आई होडीत नेमकी कशी बसायची, दाखवा बघू."

जनाबाईंनी पदर खोचला. बाकाच्या अगदी कडेला, एक पाय बाहेर सोडून, ताठ बसल्या. कुलूप लावायला थांबलेले अण्णा किल्ली हातात धरून उभेच राहिले.