गोमुखीतला चिमाजी

वेणीमाधव भटजींचा हात गोमुखीत गेला की रामकुंडाच्या पायऱ्यांवर त्यांच्यापुरतं जग मिटायचं. गोमुखी म्हणजे जपमाळ झाकायची लाल बनातीची पिशवी. आत हात असेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम. भटजींनी तो इतका ताणला होता की हात बाहेर असतानाही ते फारसं बोलत नसत. त्यांच्या पत्नी सुधाकाकू म्हणायच्या, "माझी बहीण दारात दिसली की यांना बरोबर जप आठवतो."

अशा घरात २००७ साली त्यांच्या मुलीने, आभाने, शुगर ग्लायडर आणला. खारीएवढा ऑस्ट्रेलियातला प्राणी, करडा, डोळे ओल्या काळ्या मण्यांसारखे. कपाटावरून उडी टाकली की पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी पसरून पडद्यापर्यंत तरंगत जायचा. नाव चिमाजी. पुढे आभाला बंगळुरूला नोकरी लागली. ती गेली, चिमाजी राहिला. एकटा नर. वयात आल्यावर त्याच्या डोक्यावर टक्कल पडलं, घरभर उग्र वास सुटला आणि तो स्वतःच्या शेपटीचे केस उपटू लागला.

"टक्कल घराण्याला शोभतंय," सुधाकाकू म्हणाल्या, "पण शेपटीचं काय?"

गंगापूर रोडवरच्या डॉक्टर तृप्तींनी त्याला उलटसुलट करून पाहिलं. "काका, याची नसबंदी करावी लागेल. मी सशांची केलीय, याची पहिलीच. पण हा असाच राहिला तर स्वतःलाच कुरतडून संपवेल." मग त्यांनी तयारी सांगितली. कापडी पिशवीत, माणसाच्या अंगाच्या उबेत झोपायची सवय लावा. ऑपरेशननंतरही तिथेच हाताखाली राहील, टाक्यांना तोंड लावणार नाही. पिशवीत सुटा दोरा मात्र नको. नखं अडकतात.

घरी येऊन भटजींनी खुंटीवरची गोमुखी काढली आणि माळ देवापुढे ठेवली. सुधाकाकूंनी काही न विचारता पिशवी उलटी केली, शिवण बाहेर घेतली, आत जुन्या फ्लॅनेलचं अस्तर लावलं.

"देवाने विचारलं तर काय सांगाल?"

भटजींनी चिमाजीला अलगद आत सोडलं आणि मागोमाग हात घातला.

चिमाजी दिवसा झोपणारा, त्यामुळे भटजींचा हात दिवसभर आत. घाटावर बोलबाला झाला की भटजी मोठ्या अनुष्ठानाला बसलेत. फुलं विकणारी अक्काबाई येऊन पाया पडली. तेवढ्यात गोमुखी शिंकली. अक्काबाईने पुन्हा नमस्कार केला.

ऑपरेशन नीट पार पडलं. चिमाजी गुंगीतून उठला, पण खाईना. मध लावलेलं बोट पुढे केलं की तोंड फिरवून शेपटीत डोकं खुपसायचा. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "टाके छान आहेत, भीती उपवासाची आहे. एवढ्याशा जिवाला साठा नसतो. उद्या सकाळपर्यंत खायलाच हवं. त्याच्याशी बोला काका, धीर येईल."

आभाला फोन लावून तो गोमुखीच्या तोंडाशी धरला. चिमाजी हलला नाही. सुधाकाकूंनी पिशवी मांडीवर घेतली तर थरथरायला लागला. त्याला भटजींचाच हात हवा होता. शेवटी भटजींनी घसा खाकरून खणखणीत स्तोत्र सुरू केलं. आतून रहाट करकरल्यासारखी किंकाळी आली.

"जेवायला बोलावताय की श्राद्धाला? साधं बोला ना!"

"काय बोलू?"

"लग्नापासून मी त्याचीच वाट बघतेय."

सकाळ झाली तरी चिमाजी उपाशीच. त्यात वणीचा धनराज वडिलांच्या अस्थी घेऊन पहिल्या एसटीने आलेला. भटजी गोमुखी छातीशी धरून घाटावर गेले. मागोमाग मधाच्या पाण्याची वाटी घेऊन सुधाकाकू. हाताखालचं ऊबदार ओझं आता हलकं, फार हलकं लागत होतं. धनराज समोर बसला, मडकं मांडीवर. भटजींनी संकल्पासाठी तोंड उघडलं आणि त्यांना पुढचं काही सुचेना.

"महाराज, पिशवीत कोन हाय?"

जप आहे म्हणून मान हलवता आली असती. "चिमाजी," भटजी म्हणाले. "आजारी आहे. बोललो तर खाईल म्हणतात. मला बोलता येत नाही."

धनराजने मडकं सावलीत सरकवलं. "बोला तुम्ही. आमचा बाप थांबंल. जित्तेपनी बी लय थांबायचा."

भटजींनी बोट मधात बुडवून आत घातलं.

"चिमाजी," ते हळूच म्हणाले, "पाणी गार आहे आज. काल आमटीत मीठ जास्त होतं."

"आणि मला आत्ता सांगताय?" सुधाकाकू उसळल्या.

बोटाला काहीतरी खरखरीत, ओलं लागलं. एकदा. परत एकदा. भटजी आश्चर्याने गप्प झाले, तशी जीभही थांबली.

"थांबू नका महाराज!" धनराज ओरडला.

"मीठ परवाही जास्त होतं," भटजी घाईघाईने म्हणाले. "आभा गेल्यापासून तीन माणसांचंच पडतंय. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कमी घातलं असतं, आणि मग..."

जीभ चालू होती. सुधाकाकूंनी वाटी त्यांच्या बोटाजवळ सरकवली.

"बोला," त्या म्हणाल्या. "तो खातोय तोवर सगळं बोला. मग मला बोलायचंय."