तिप्पट रोज

आमच्या निंबोल्याची केळी खोक्यात भरून परदेशी जायला लागली, तेव्हा मी शेठच्या शेडमध्ये मजुरीला होते. त्याआधी घड तोडून ट्रकमध्ये रचले की काम झालं. तोडणारा असो की वाहणारा, मजुरीचा रोज सगळ्यांना सारखाच. परदेशी गिऱ्हाइकाला मात्र सालीवर डाग चालेना. घडाच्या फण्या एका घावात सोडवायच्या, चीक धुवायचा, घासू न देता खोक्यात बसवायच्या. आम्हाला हे कुठं येत होतं? शेठने बाहेरून टोळी आणली. त्यांना आमच्या तिप्पट रोज.

शेठ इंदूरला शिकून आलेला. आम्ही कुरकुर केली की खुर्चीत रेलून समजवायचा, की पैसा घामाचा नसतो, हुन्नराचा असतो. ज्याला येतं त्याला मिळतं, यात मालकाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. स्वतःला त्याला केळीचं पान धड कापता येत नव्हतं. तरी मी त्याचं खरं मानलं.

टोळीवाले शिकवेनात. जवळ गेलं की पाठ फिरवायचे. मी त्यांना कोत्या मनाचे म्हणायचे. मग हौदापाशी फण्या धुता धुता त्यांचे हात बघत राहिले आणि टाकाऊ घडांवर माझा हात बसवला. हंगाम सरता सरता माझी फणी त्यांच्यासारखी उतरायला लागली. शेठ खूश. म्हणाला, बाकीच्या बायांनाही शिकवा, गावाचं भलं होईल. मी जावेपासून सगळ्यांना जीव तोडून शिकवलं.

पुढच्या हंगामात टोळी आलीच नाही. सगळं काम आम्ही केलं, आणि हातावर पडला तोच जुना रोज. मी ऑफिसात गेले.

"शेठ, हुन्नराचा पैसा कुठंय?"

मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "ताई, आता तर सगळ्यांनाच येतं ना. मग जादा कशाचं?"

त्याचा हिशेब चुकला नव्हता, किळस त्याचीच आली. थोड्यांनाच येत होतं तोवर ते हुन्नर होतं. त्याचा भाव त्याने माझ्याच हातून पाडून घेतला, तोही फुकटात. टोळीवाले पाठ का फिरवत, ते तेव्हा कळलं.

बायांना हुन्नर दिल्याबद्दल गावाने शेठचा सत्कार केला. शाल घ्यायला मलाही बोलावलं होतं. मी गेले नाही, माझी जाऊ गेली.

आसपास दुसरी शेड नव्हती, म्हणून काम सोडलं नाही. शेठ आला की बाकीच्या उठून उभ्या राहायच्या. मी बसूनच फण्या कापायचे. हातातलं काम टाकून बघावं, असं त्या तोंडावर काही नव्हतं.