मेळाव्यातला सतरा नंबर

हसाचं असन तं आताच हसून घ्या, कारण ही गोष्ट मी आजवर कोणाले सांगतली नाई. माणसाची फजिती झाली की तो तोंड लपवते. मी तोंड लपवाले गेलो, म्हणूनच माझी फजिती झाली.

मी सिंदेवाहीचा दिवाकर. पंखे अन् पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करतो. वीस वर्षं दारू पेलो. चार महिन्यांआधी माझी बायको सुलोचना चिमूरले भावाकडे निघून गेली. भांडली नाई, रडली नाई. आपल्या साड्या तेवढ्या घेतल्या. भांडली असती तं बरं झालं असतं, असं मले अजूनही वाटते.

ती गेली म्हणून दारू सुटली का? खोटं कायले बोलू, वाढली. मंग एक दिवस हाताले असा कंप सुटला की मोटारीचा तार धरता येईना. दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं गोळ्या देल्या अन् तिथच्या नर्सबाईनं सांगतलं, ब्रह्मपुरीले दर रविवारी दुपारी दारू सोडणारे लोक एका सभागृहात जमतात. आपलं नाव सांगतात, कहाणी सांगतात, कोणी कोणाले हसत नाई.

त्या रविवारी मले न पेता अकरा दिवस झाले होते. इस्त्रीचा शर्ट घातला अन् बस पकडली. समोर कोणी ओळखीचं भेटन म्हणून सभागृहाच्या मागच्या दारानं घुसलो. समोरच्या दारावर हा मोठा बॅनर लावला होता म्हणे. तो मी कायले पाहतो?

आत वही घेऊन एक भाऊ बसले होते. म्हटलं, "नाव सांगाची मीटिंग इथीच का?"

"इथीच. पहिल्यांदा आले का? लाजू नका, सगळे आपल्यासारखेच आहेत. घरी कोण आहे?"

"कोणी नाई जी. एकटाच."

"मंग बरोबर ठिकाणी आले," म्हणत त्यांनी माझ्या खिशावर सतरा नंबरचा बिल्ला लावला अन् हातात पोह्याची प्लेट देली. इतक्या मायेनं मले चार महिन्यांत कोणी खाऊ घातलं नव्हतं.

हॉल भरला होता. अर्ध्या तं बायाच, चांगल्या साड्या नेसलेल्या. म्हटलं, अरेरे, किती घरात पसरली ही दारू. बाजूच्या खुर्चीवरच्या बाईनं हळूच विचारलं, किती दिवस झाले? मी अकरा सांगतले. तिचा घास तोंडातच राह्यला.

"अकराच दिवस? अन् लगेच इथी? तेरवी तरी होऊ द्याची होती."

मले वाटलं, बाई दारूबद्दलच बोलून राह्यली. म्हटलं, "एकदाची मेली, सुटलो. तिची कायची तेरवी?"

बाईनं खुर्ची दोन हात सरकवली. तरी मले समजलं नाई पाहा.

सतरा नंबर पुकारला. मी माइकसमोर जाऊन उभा राह्यलो. "माझं नाव दिवाकर," म्हटलं, "अन् मी दारुडा आहे." हॉल एकदम चूप. मी समजलो, लोक मन लावून ऐकून राह्यले. मंग मी थांबलोच नाई. सासरा वारला तेव्हा मी इतका पेऊन होतो की त्याले खांदा देता आला नाई. सुलोचना तेव्हाही काही बोलली नव्हती. अजूनही हात दोघांचाच भात टाकते, अन् दुसऱ्या दिवशी मी तोच शिळा खातो. हे सगळं बोलून टाकलं.

वहीवाल्या भाऊंनी घाम पुसत विचारलं, "तुमची अपेक्षा काय?"

"काही नाई जी. संध्याकाळी सहानंतर कोणी सोबत असावं, बस."

"बायको वारली ना तुमची?"

"नाई जी, चिमूरले आहे. तब्येत चांगली आहे."

तेव्हा कुठी उलगडा झाला. तो विधवा-विधुरांचा परिचय मेळावा होता.

भाऊंनी बखोटीले धरून मले बाहेर आणलं अन् अंगणापलीकडची लहानशी खोली दाखवली. आत सहा माणसं गोल बसली होती. मी तोंड उघडलं, तं त्यातला एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या भाऊ, तुमचं आम्ही स्पीकरवर ऐकलं. बसा." कोणी हसलं नाई. दोन तास बसलो.

पण ती खुर्ची सरकवणारी बाई निघाली चिमूरची, सुलोचनाच्या भावाच्या ओळखीची. मी सिंदेवाहीले बसमधून उतरतच होतो तं फोन वाजला. सुलोचना. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी तिथच, स्टँडच्या भिंतीले टेकून उभा राह्यलो.

"अजी, दुसरं लगन करून राह्यले म्हणते तुम्ही?"

मी सगळं सांगतलं. नर्सबाई, अकरा दिवस, मागचं दार. लगन कराले नाई, दारू सोडाले गेलतो म्हटलं.

मंग ती हळूच म्हणाली, "लगनासाठी गेलते तं तसं सांगा जी, मी काही म्हणत नाई. पण दारू सोडली म्हणून खोटं नका बोलू."

वीस वर्षांची कमाई जी माझी. दुसरं काय?