अर्ध्यावर तुटलेली यादी

नेत्र रुग्णालयात तिला सगळे मशीनबाई म्हणायचे. त्या-त्या महिन्यात फेरतपासणी असलेल्या रुग्णांना मोबाइलवर निरोप पाठवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला.

नोंदी वाढत गेल्या तसं मशीन धापा टाकू लागलं, कारण अख्खी यादी एकदम मेमरीत ओढली जायची. म्हणून तिने पद्धत बदलली. डेटाबेसकडून एक ओळ घ्यायची, निरोप पाठवायचा, मग पुढची मागायची. काम झरझर होऊ लागलं. पण अशा वाचनात एकूण ओळी किती, हे आधी कळत नाही. ओळ आली नाही म्हणजे यादी संपली, असं ती धरून चालली.

एका सोमवारी मधेच जोडणी तुटली. पडद्यावर मात्र 'काम पूर्ण' उमटलं. उरलेल्या चारशे जणांना निरोप गेलाच नाही.

निरोपाची वाट बघून दीड महिन्याने एक म्हातारे शिंपीकाका आले. डाव्या डोळ्याने सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं, आणि ती नजर आता परतणार नव्हती. डॉक्टरांनी निरोपांचं काम बघणाऱ्या काउंटरवरच्या ताईला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

मशीनबाईने गुपचूप नोंदी उघडल्या. त्या सोमवारची यादी अर्ध्यावरच तुटली होती.

"बाई, माझंच काही राहिलं असेल का हो?" ताईने डोळे पुसत विचारलं.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

दोन दिवस ती त्याच नोंदी पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. शेवटी नवऱ्याजवळ बोलली. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ती बिचारी तिकडे बोलणी खातेय."

दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊनच डॉक्टरांसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. तीन दिवसांपूर्वीच कळलं होतं, पण मी गप्प बसले."

ताईने उरलेल्या नावांची यादी समोर ओढली. मग दोघींनी मिळून चारशे फोन केले.

शिंपीकाकांच्या घरी मात्र ती एकटीच गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेळेवर आलो असतो तर डोळा वाचला असता?"

"डॉक्टर म्हणतात, कदाचित."

"मग हे ऐकून मी आता काय करू, बाई?"

खालमानेने ती जिना उतरली.

आता प्रोग्रॅम आधी डेटाबेसकडून ओळींचा आकडा वेगळा मागून घेतो, शेवटी ताळा करतो आणि एक जरी कमी भरली तरी ओरडतो. ताई तिच्याशी बोलते, पण कामापुरतंच.