रूपालीचा ठोका

वरची खोली बघायला रूपाली पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पाण्याची वेळ विचारली नाही, भाडंही विचारलं नाही. चपला दाराशी काढून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि टाळी वाजवली. मग प्रत्येक कोपऱ्यात जाऊन एकेक टाळी. मी आणि माझी पत्नी सुमन दारात उभे राहून बघत होतो. शेवटी भिंतीवर तळहात टेकवून ती म्हणाली, "खोली खोटं बोलत न्हाय, काका. घेतो मी." आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात, तशी तीही बोलायची. रिकाम्या खोलीत आवाज कसा परत येतो ते ती तपासत होती, हे मला मागाहून कळलं.

राजारामपुरीतल्या आमच्या घरात खाली दवाखाना आहे, शेजारी शिकवणीचे वर्ग. आवाजाचं काम करणारी भाडेकरू ठेवली म्हणजे तक्रारी येणार, असं मी धरून चाललो होतो. एकही आली नाही. ती कानाला हेडफोन लावून काम करायची. मी वीज खात्यात मीटर तपासणीला आहे. तिच्या खोलीचा मीटर दर महिन्याला मीच वाचायचो, आणि एवढी यंत्रं मांडून बसलेल्या बाईची वीज आमच्या फ्रिजपेक्षा कमी जळते हे बघून मला तिच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

ती नेमकं काय करते हे नातेवाइकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. चित्रकलेचा डिप्लोमा केलेला. आधी मंडळांचे पडदे रंगवले, मग कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकली, मग प्रकाशयोजना. त्यातूनच पुण्यातल्या क्लबांमध्ये जाऊन पोहोचली आणि ज्यावर लोक रात्रभर नाचतात ते कॉम्प्युटरचं संगीत स्वतः करायला लागली. गोव्यातही वाजवून आली. लॉकडाऊनमध्ये क्लब बंद पडले, तशी पुण्याची खोली सोडून कोल्हापूरला परत आली. इथं हळदीची गाणी, दुधाच्या जाहिराती, मिरवणुकीतल्या डॉल्बीची जोडणी, जे येईल ते. कुठलंच काम तिनं कधी उरकलं नाही. पण मिरवणुकीहून परतली की जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून राहायची. सुमन चहा घेऊन जायची आणि विचारायची, दमलीस का गं. रूपाली मान हलवायची. "दमलो म्हणायचं न्हाय, काकू. म्हटलं की अंग ऐकतंय."

एकदा तिची मशीन बिघडली म्हणून ती स्पीकरवर काहीतरी वाजवून बघत होती. मी खाली पेपर वाचत होतो. जुन्या मीटरची चकती घड्याळ लावून मोजायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय. हात आपोआप घड्याळाकडे गेला. वर जाऊन मी तिला सांगितलं की तुझे ठोके मिनिटाला एकशे सत्तावीस पडतात. तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एकशे अठ्ठावीस होते. त्या दिवसापासून ती मला नवीन काम ऐकवायला लागली. मला त्यातलं काही कळत नाही हे मी सांगितलं होतं, आणि तिला तेच बरं वाटत होतं. "कळणारी लई भेटली, काका. त्यांच्यापायी तर दमायची पाळी आलीया."

तिचं घर कबनूरला. वडिलांचे कापड विणायचे चार यंत्रमाग. त्यांना सगळे आण्णा म्हणत, आईला अव्वा. आण्णांच्या हिशेबी मुलगी डॉल्बीवाल्यांच्यात होती. ती काय करते ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं आणि ऐकायचं मनातही नव्हतं. भांडण असं काही नव्हतं. ती घरी गेली की ते विचारायचे, जेवलीस का, आणि माग बघायला उठून जायचे.

गेल्या वर्षी ते माग विकायचे ठरले. आण्णांचे गुडघे गेले होते आणि तसले साधे माग आता भंगारातच जातात. माग बंद होण्याआधी रूपाली बरेच दिवस एक मायक्रोफोन घेऊन कबनूरला जात होती. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची ये-जा, दांडी आपटल्याचा आवाज, पट्ट्यांची घरघर असं सगळं गोळा करून तिनं त्यातून एक रचना केली. बंगळूरच्या एका कंपनीनं तिला कॉम्प्युटर खेळांच्या आवाजाचं कायमचं काम देऊ केलं होतं. तिनं त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली होती. मी विचारलं, मुदत कशाला? म्हणाली, "आण्णांनी एकदा बसून ऐकू दे. पोरीचं काम म्हणून ऐकू दे. मग मी काय बी करीन, दुसऱ्याचं बी करीन."

माग बंद झाले होते; ते हलवायच्या आधीच्या रविवारी दुपारी तिनं मागाच्या कारखान्यातच कार्यक्रम ठेवला. मी आणि सुमन माझ्या गाडीतून तिला आणि तिचं सामान घेऊन गेलो. वाटेत ती मला समजावून सांगत होती, या संगीतात सगळं चढवत न्यायचं असतं, पार टोकाला नेऊन एकदम गप करायचं, आणि मग ठोका पडला की माणूस जागच्या जागी उडी मारतो. त्या गप होण्यावर तिनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

खिडक्या गोणपाटानं झाकल्या होत्या. मागांवर अजून ताणा चढलेला होता आणि त्या उभ्या सुतांवर ती प्रकाशाची चित्रं पाडणार होती. वीसेक माणसं आली, सगळी त्या गल्लीतली, आयुष्यभर माग चालवलेली. आण्णा पुढच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर घेऊन. अव्वा भिंतीशी.

सुरुवात झाली. मला संगीत कळत नाही, पण लोकांच्या माना बघता येतात. आधी कुणीतरी हसलं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. मग हळूहळू सगळे पाय ताल धरायला लागले. सुतांवरून निळा-पांढरा उजेड धावत होता. आवाज चढत चढत गेला आणि तिनं तो तोडला. उजेडही घालवला.

सगळा कारखाना उठून उभा राहिला.

"लाईट गेली," कुणीतरी म्हणालं. दोघं खांबावरचा फ्यूज बघायला बाहेर पळाले. मी वीज खात्यातला हे कळलेला एक म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, रविवारी बी घालवताय व्हय?" खरं सांगायचं तर मीसुद्धा उठलो होतो. आण्णा गुडघा धरत सगळ्यात जवळच्या मागाकडे गेले आणि चालता माग अडल्यासारखे चाचपून सूत कुठं तुटलंय ते बघायला लागले. तेवढ्यात तो ठोका पडला. उडी मारायला खुर्च्यांवर कुणीच नव्हतं.

रूपालीनं संगीत बंद केलं आणि दिवा लावला. बाहेर गेलेले परत आले, त्यांना खरं काय ते कळलं आणि मोठा हशा झाला. तीही हसली. अव्वांनी चहा आणला. आण्णा मागाला हात लावून उभेच होते. मुलीला म्हणाले, "थांबवलास कशाला? चालू माग कोण थांबवतंय व्हय?"

चहा न पिता ती परत मशीनपाशी बसली, दोन-तीन ठिकाणी काहीतरी पुसलं आणि पहिल्यापासून लावलं. या वेळी ती मधली जागा नव्हती. चढणंही नव्हतं. नुसते माग, एकात एक मिसळत, चालूच. आण्णा खुर्चीवर येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांची हनुवटी छातीवर टेकली. टोपी खाली पडली, ती अव्वांनी उचलली.

सुमननं त्यांना हलवून उठवायला हात पुढं केला, तर अव्वांनी तो धरला. "ऱ्हाऊ दे, बाई. माग बंद झाल्यापास्नं डोळा न्हाय तेंचा."

रूपालीनं ते ऐकलं. रचना संपत आली की ती पुन्हा मागं नेऊन जोडत राहिली. बसलेली माणसं एकेक करून उठून गेली, एवढ्या आवाजात पावलं न वाजवता. आम्ही तिघं, अव्वा आणि गल्लीतल्या दोघी-तिघी बायका थांबलो. किती वेळ ते मी मोजलं नाही. सुतांवरचा उजेड तिनं मालवला, आवाज मात्र ठेवला.

परतताना गाडीत सुमन म्हणाली, बघ, आवडलं त्यांना, शांत झोपले. रूपाली खिडकीबाहेर बघत होती. "त्येनला माग वाटला, काकू. ऐकलं न्हाय त्येनी. मी त्यात कुटंच न्हवतो." पुढच्याच महिन्यात तिनं खोली सोडली आणि बंगळूरला गेली. जाण्याआधी वडिलांच्या खाटेशी एक छोटा स्पीकर ठेवून गेली. झोपेला उपयोगी पडेल, एवढंच म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी मीटरच्या एका तक्रारीसाठी मला कबनूरला जावं लागलं, तेव्हा आण्णांकडे डोकावलो. कारखाना आता गोडाऊन म्हणून भाड्यानं दिलाय. आण्णा खाटेवर टेकून बसले होते, चांगले जागे. गुडघ्यांचं बोलून झालं. माझा चहा संपत आला तसे त्यांनी अव्वांना हाक मारली.

"ए, पोरीचा माग लाव की. पावण्यास्नी ऐकू दे."

अव्वांनी उठून लावला. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, मला कळतंय का नाही ते.

संध्याकाळी मी रूपालीला फोन केला आणि त्यांचे शब्द होते तसे सांगितले. 'पोरीचा' हा शब्द तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग विचारलं, "रोज लावतेत व्हय, काका?"

ते मी विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला विचारून नक्की सांगतो, असं म्हणालो.