पूल आल्यावर बघू

इंग्रजी माणूस सरळ मरत नाही. तो बादलीला लाथ मारतो, शेत विकत घेतो, धूळ चाटतो. ही थेरं मी अंधेरीच्या एका शाळेत आठवीला बावीस वर्षं शिकवते आहे. अर्थाला अर्धा मार्क, वाक्यात उपयोगाला अर्धा. मुलं गाईडमधून घोकतात, पेपरात ओकतात आणि पालक मुलांचं इंग्रजी सुधारलं म्हणून खूश होतात. मला या प्रकाराबद्दल पूर्वीही फारसा आदर नव्हता. आता तर शिसारी येते.

मागच्या वर्षी बाबांना इस्पितळात ठेवलं होतं. आम्ही वाकोल्याचे. गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून बाबांनी मला एम. ए. केलं, तेही इंग्रजीत, आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता. साहेबाशी बोलायचं तर आमची मुलगी बोलेल, असं ते चारचौघांत सांगायचे. त्यामुळे डॉक्टरशी बोलायला मी पुढे आणि आई मागे, थर्मासची पिशवी धरून.

डॉक्टर तिशीतला, अंगाला सेंटचा घमघमाट. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘फिंगर्स क्रॉस्ड.’ दुसऱ्या दिवशी, ‘नॉट आऊट ऑफ द वूड्स येट.’ म्हणजे धोका टळलेला नाही, एवढंच. पण तेवढं साधं बोललं तर डिग्री खाली पडेल की काय! रोज एक वाक्प्रचार टाकायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. भोवती उभे असलेले नातेवाईकही कमाल. घरी मालवणीत भांडणारी माणसं इथे ‘ओके डॉक्टर, थँक्यू डॉक्टर’ करत होती. काय कळलं ते एकमेकांना मागाहून विचारत होती. मी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघायचे.

बाबा रोज भेटीच्या वेळी एकच विचारायचे, “तो इलो?” तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका. ते कणकवलीजवळच्या गावात असतात. आमच्यात गावाहून माणूस बोलावणं ही साधी गोष्ट नाही. तसा फोन गेला की गावात समजतात, संपलं. अख्ख्या वाडीत चूल थंड राहते. म्हणून डॉक्टरने सांगितल्याशिवाय तो फोन करायचा नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता.

मंगळवारी मी डॉक्टरला विचारलं, अर्थात इंग्रजीत, की काकांना गावाहून बोलावून घेऊ का? त्याने घड्याळ बघितलं. “द रायटिंग इज ऑन द वॉल,” तो म्हणाला, “बट लेट्स क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट.”

शेवट समोर दिसतोय, पण त्याचं काय करायचं ते वेळ आल्यावर बघू. एका दमात दोन, आणि पहिल्याला दुसऱ्याने खोडलेलं. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? मी त्याचा अर्धा मार्क कापला. समोर बाप मरतोय असं मला सांगितलं गेलं होतं आणि मी पेपर तपासत होते. बोलावू की नको, हे स्पष्ट विचारायला हवं होतं. पण बावीस वर्षं हेच शिकवणाऱ्या बाईने अर्थ विचारायचा? मी मान डोलावली. “शुअर, डॉक्टर.”

“काय म्हणालो गो तो?” आईने विचारलं.

“गरज पडली तर बोलवू म्हणतात,” मी म्हटलं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ सांगितला, पहिल्याचा गिळला.

गुरुवारी दुपारी वॉर्डातल्या मावशी चादर बदलायला आल्या. बाबांच्या गार पडलेल्या पायांना हात लावून त्या आईला म्हणाल्या, “आजी, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.” आईने पिशवी माझ्या हातात कोंबली आणि ती तडक डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरली. मी मागून धावले.

“डॉक्टर, हे वाचतील काय? मराठीत सांगा.”

त्याने पेन खाली ठेवलं. “नाही, आजी. आज-उद्याचंच आहे. जवळच्यांना बोलावून घ्या.” स्वच्छ मराठी, पार्ल्याचं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मी मंगळवारीच सांगितलं होतं यांना.”

निर्लज्ज माणूस. पण खोटं बोलला नव्हता.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिथूनच तिने काकांना फोन लावला. संध्याकाळी बाबांनी ‘तो इलो?’ असं विचारलं नाही. शुक्रवारी उजाडता उजाडता ते गेले आणि दहाच्या सुमाराला काका दारात उभे राहिले, हातात बाबांना आवडणाऱ्या ओल्या काजूंची पिशवी घेऊन.

“माका आधी एक फोन करूक काय झाला होता गो?” ते मला म्हणाले.

मी काही बोलण्याआधी आई मध्ये पडली. “तिचो दोष नाय, भावजी. डॉक्टर इंग्रजीत बोललो. तिका कळूक नाय.”

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला सगळं कळलं होतं, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.