पाच बाकांची ओळ

सोमवारी सकाळी सव्वासातला गौलीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात फ्रीजरची पेटी अडकली. पेटीची रुंदी चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. भिंतीपासून कठड्यापर्यंत जिना मी स्वतः मोजला होता, अठ्ठ्याहत्तर. हजर होते पेटीवाले दोघे, मी, मागून आलेली माझी मुलगी मेघा आणि वरच्या पायरीवर सुमनवहिनी. त्यांचे यजमान, देविदास सर, पहाटे गेले होते. मुलगा परदेशातून दुसऱ्या दिवशी पोचणार, तोवर देह ठेवायला ही पेटी. पेटीवाला म्हणाला, “नै जाती साब. नापे कौन?” मी हातातली कापडी टेप दाखवली. सरांच्या दाराशी खिळ्याला होती, तीच घेतली होती. वहिनी रडता रडता थांबल्या. “त्यांच्या टेपनं मोजलंत? तुम्ही?”

सर जवळच्या मराठी शाळेत भूमिती शिकवायचे. सूत्र आधी सांगत नसत. दोरी, ओळंबा, टेप हातात देऊन वर्ग मोजायला लावत, तो कागदावर प्रमाणात उतरवायला लावत, आणि काय चुकलं ते मुलांनीच शोधायचं. माणूस प्रेमळ नव्हता, मेला म्हणून तसं लिहिणार नाही. मेघा नववीत असताना तिनं काढलेला नकाशा त्यांनी फळ्याशेजारी टांगला आणि खाली लिहिलं, ‘ही खोली शाळेत मावत नाही.’ पोरं रोज हसायची. “सर, सांगा ना काय चुकलं...” तिनं विचारलं, तर म्हणाले, “मला काय विचारतेस? टेपला विचार.” सहाव्या दिवशी ती जेवली नाही. सातव्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. अभ्यासक्रमाची चार प्रकरणं बाकी, मुलीचा अपमान सहा दिवस. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. सरांचे तास दुसऱ्याच दिवशी काढून घेतले. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं ते ऑफिसात बसून दाखले लिहीत होते. जिन्यात मी दिसलो की भिंतीला चिकटून मला वाट द्यायचे.

मेघानं माझ्या हातातून टेप घेतली आणि टोकाच्या पितळी कडीवर बोट ठेवलं. कडीनंतरचा पहिला आकडा होता अकरा. सरांनी आधीचा तुकडा कापून कडी पुन्हा शिवली होती.

“बाबा, सुरुवात बघितलीत?”

“तुला माहीत होतं?”

“आठव्या दिवशी कळलं. पाच बाकं एकेक मोजून बेरीज केली. मग तीच चिकटवून लावली नि ओळ एकदम मोजली. चाळीसचा फरक. चार मोजण्या जादा, म्हणजे दर मोजणीत दहा जास्त. धावत सांगायला गेले... वर्गावर दुसरेच सर होते.”

“मग घरी सांगायचंस. वरच तर राहायचे.”

“अर्ज तुमचा होता, बाबा. कुठल्या तोंडानं जाणार होते?”

वहिनी वरूनच म्हणाल्या, “मला विचारायचे... त्या पोरीला सापडलं का गं? परवासुद्धा विचारलं. मी म्हटलं, जाऊन विचारा की. म्हणाले, तिच्या बापाला आवडायचं नाही.”

पेटीवाला म्हणाला, “जल्दी करो साब.” पेटी मागे घेतली. सरांना चादरीत धरून आम्हीच खाली आणलं. स्कूटर सरकवून पार्किंगमध्ये जागा केली. मुलगा येईपर्यंत ते तिथेच होते.

तेराव्यानंतर वहिनींना टेप परत द्यायला गेलो. “ठेवा तुम्हालाच,” एवढंच म्हणून त्यांनी दार लावलं. आता ती आमच्या दाराशी खिळ्याला आहे. जिना मी पुन्हा मोजला, दहा वजा करून अडुसष्ट भरला. मेघा ऑफिसला जाताना क्षणभर टेपपाशी थांबते, कडी सरळ करते आणि माझ्याकडे न बघता जिना उतरते.